उघड्या डोळ्याची रेष

सौंदर्यप्रसाधनाच्या कुठल्याही कोर्सच्या वहीत डोळ्यांच्या आकारांचा तक्ता असतोच. बदामी, गोल, हुडेड, मोनोलिड, कोपरे झुकलेले, कोपरे चढलेले, खोल गेलेले, पुढे आलेले, जवळजवळचे, लांबलांबचे. प्रत्येकापुढे एक चित्र आणि विंग्ड लायनर कसं लावायचं याची एक ओळ. तक्ता पाठ होतो, परीक्षेत मार्कही मिळतात. पण खुर्चीत येऊन बसलेली बाई तक्त्यातली नसते. तिचा डावा डोळा बदामी असतो, उजव्यावर पापणी जरा जास्त उतरलेली असते, कोपरे किंचित झुकलेले असतात आणि शिवाय डोळे खोल असतात. तिला कुठल्या ओळीत बसवायचं?

या विषयावर सांगणाऱ्यांची आज वाण नाही, आणि त्यांचं आपसात पटतही नाही. एक म्हणते गोल डोळ्याला जाड रेष नको, दुसरी म्हणते गोल डोळ्यालाच ती खुलते. एक झुकलेला कोपरा उचलायला सांगते, तर कोरियन तऱ्हा तोच कोपरा आणखी झुकवून दाखवते. बहुतेक वेळा दोघींचंही बरोबर असतं, कारण दोघींना हवं ते वेगळं असतं. माझं मत आधीच सांगून टाकते. विंगपुरतं बोलायचं तर त्या आठ-दहा प्रकारांतून दोनच गोष्टी पाहायच्या: डोळा उघडून समोर पाहिल्यावर वरची पापणी किती दिसते, आणि बाहेरचा कोपरा कुठल्या दिशेला जातो. बाकीच्या बाबींवर रेष किती जाड ठेवायची नि कुठून सुरू करायची एवढंच ठरतं. या दोन्ही गोष्टी डोळा मिटलेला असताना कळत नाहीत. आणि आपल्याकडे लायनर लावताना पहिली सूचना कुठली? ‘‘ताई, डोळे मिटा.’’

थोडी मापं पाहू. प्रौढ माणसाचा उघडा डोळा आडवा साधारण २८ ते ३० मिलिमीटर आणि उभा १० मिलिमीटरच्या आसपास असतो. बुबुळाची रुंदी साडेअकरा-बारा मिलिमीटर, म्हणजे या उभ्या फटीपेक्षा जास्त. त्यामुळे बुबुळाचा वरचा एक-दोन मिलिमीटर भाग पापणीआड जातो. बाहेरचा कोपरा आतल्या कोपऱ्यापेक्षा साधारण दोन मिलिमीटर वर असतो. हा फरक वाढला की कोपरा चढलेला दिसतो, नाहीसा झाला की झुकलेला. बुबुळाच्या खाली पांढरं दिसत असेल तर डोळा गोल वाटतो. म्हणजे ज्या भेदांवरून एवढे तक्ते निघाले ते दोन-तीन मिलिमीटरचे आहेत, आणि बाजारातल्या पेन लायनरचं टोक जरा दाबलं तर त्याची रेष तेवढीच जाड उमटते.

पापणीच्या घडीचंही कारण समजून घ्यायला हवं, कारण हुडेड आणि मोनोलिड यांची गल्लत शिकलेले लोकही करतात. वरची पापणी उचलणाऱ्या स्नायूचे तंतू पापणीच्या त्वचेला जिथे चिकटतात तिथे डोळा उघडताना घडी पडते. ते फार खाली चिकटले किंवा चिकटलेच नाहीत, तर घडी अगदी कमी दिसते किंवा पडतच नाही. हा मोनोलिड. पूर्व आशियात तो सर्रास आढळतो, आपल्याकडे ईशान्येच्या राज्यांत आणि लडाखकडेही. हुडेड डोळ्याला घडी असते, पण तिच्या वरची त्वचा खाली येऊन तिला झाकते. काहींना हे जन्मापासून असतं, बाकीच्यांना वयाने येतं: भुवई हळूहळू खाली सरकते, पापणीची त्वचा सैलावते, आणि पंचविशीत जिथे छान विंग बसायची तिथे पन्नाशीत जागाच उरत नाही.

लग्नाच्या हॉलवरच्या मेकअपच्या खोलीत हे एका दृष्टिक्षेपात दिसतं. नवरी पंचविशीची, करवली सोळाची, वरमाई पंचावन्नची. तिघींना एकच फोटो दाखवून ‘‘असंच करा’’ म्हणायचं असतं, आणि तिघींच्या डोळ्यांची ठेवण सारखी असली तरी पापणी वेगवेगळ्या वयाची असते. करवलीचं कसंही निभावतं. खरी कसोटी वरमाईच्या डोळ्याची, आणि तिथेच आर्टिस्टचा अनुभव दिसतो.

अशा डोळ्यावर मिटलेल्या पापणीवर सुरेख विंग काढली, तर डोळा उघडताच तिचा मधला तुकडा घडीत गडप होतो. बाहेर एक सुटा ठिपका आणि आत जाड काळी पट्टी, एवढंच उरतं. दहा मिनिटांनी घडीच्या वरच्या बाजूलाही तिचा ठसा उमटतो, म्हणजे लायनर ट्रान्सफर होतो. यावर मेकअपवाल्यांनी काढलेली युक्ती ‘बॅट विंग’ या नावाने चालते. ती हातावेगळी होताना पाहण्यासारखी असते.

वरमाईंना ताठ बसवायचं, मान सरळ, आरसा डोळ्यांच्या पातळीवर. आरसा खाली धरला की नजर झुकते, पापणी उतरते आणि सगळं माप चुकतं. मग ‘‘काकू, समोर बघा, भुवया सोडा.’’ हे सोडणं महत्त्वाचं आहे, कारण आरशात पाहताना जवळजवळ प्रत्येकजण नकळत भुवया उंचावतो. त्या उंचावलेल्या भुवईवर काढलेली विंग पुढे दिवसभर खोटी पडते. डोळा उघडाच ठेवून बाहेरच्या कोपऱ्यापलीकडे, लोंबणारी त्वचा जिथे संपते त्याच्या जरा बाहेर, तपकिरी पेन्सिलीने एक ठिपका द्यायचा. हा विंगचा शेवट. तिथून कोपऱ्यापर्यंत सरळ रेष, डोळा अजून उघडाच, घडी मध्ये आली तरी तिच्यावरून तशीच. आता डोळा मिटायला सांगायचं. मिटलेल्या डोळ्यावर रेष मोडलेली दिसते, घडीच्या जागी तिला खाच पडलेली असते. ती खाच भरून काढली की मिटलेल्या पापणीवर वटवाघळाच्या पंखासारखा कोनेदार आकार दिसतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, बिघडलं. डोळा उघडला की तीच रेष सरळ, एकसंध, कानाकडे जाणारी. फोटोत वरमाई डोळे मिटून हसल्या तर वटवाघूळ दिसेल, हे मात्र आधी सांगून ठेवावं.

सरसकट दिला जाणारा नियम असा: खालच्या पापणीची कड जिथे संपते तीच दिशा धरून भुवईच्या टोकाकडे रेष वर न्या. बदामी आणि चढत्या डोळ्याला तो चोख लागू पडतो. हुडेड डोळ्यावर मात्र ही तिरपी रेष बरोबर लोंबत्या त्वचेत घुसते. तिथे कोन कमी करावा लागतो. विंग जितकी आडवी, तितकी घडीतून सुटते. झुकत्या कोपऱ्याला हा नियम वेगळ्या कारणाने फसतो. तिथे वरच्या पापणीची रेष कोपऱ्यापर्यंत नेली तर ती डोळ्याला आणखी खाली ओढते. म्हणून रेष कोपऱ्याच्या दोन-तीन मिलिमीटर आधीच सोडून तिथून वर वळवायची, आणि कोपऱ्याचा उरलेला तुकडा मोकळा ठेवायचा. खालच्या पापणीला बाहेरच्या बाजूला काजळ लावलं तर सगळी मेहनत वाया. पण आपल्याकडे खाली काजळ नाही म्हणजे डोळे धुतल्यासारखे वाटतात, म्हणून सगळ्याजणी ते लावतातच. त्यांनी ते आतल्या दोन तृतीयांशावर थांबवावं.

झुकलेला डोळा वर उचललाच पाहिजे, हे तरी कुणी ठरवलं? कोरियात ‘पपी लायनर’ म्हणून ओळखली जाणारी तऱ्हा नेमकी उलटी आहे: रेष कोपऱ्याच्या उतारानेच खाली घ्यायची आणि अगदी शेवटी इवलीशी आडवी सोडायची. चेहरा निरागस, जरा लहान वाटतो. झुकते डोळे असलेल्या कित्येकजणींना ती वर चढत्या विंगच्या ‘कॅट आय’पेक्षा शोभते, आणि काढायला निम्मा वेळ लागतो. तक्त्यांची खोड अशी की त्यांत बदामी डोळा हा मूळ धरलेला असतो आणि बाकीचे सगळे त्याच्याकडे ओढून न्यायचे दोष. ‘हे लपवा’, ‘ते दुरुस्त करा’ ही भाषा तिथूनच येते. मला तो बदामाचा आग्रह जाचक वाटतो, आणि व्यवहारातही तो उपयोगी पडत नाही. गोल डोळ्यांच्या मुलीला लांबट डोळे हवे असतील तर रेष बुबुळावर बारीक आणि बाहेरच्या तिसऱ्या हिश्शात जाड करावी; तिला आपले टपोरे डोळे आवडत असतील तर बरोबर उलट, बुबुळावरच सर्वात जाड. दोन्ही विंग बरोबर. प्रश्न तिला काय हवं हा आहे, आणि तो तक्ता विचारत नाही.

मोनोलिडला वेगळाच न्याय लागतो. पापणीची कड उघड्या डोळ्यात आत दुमडली जाते, त्यामुळे बारीक रेष काढणं म्हणजे न काढण्यासारखंच. तिथे डोळा उघडा ठेवून, रेष दिसू लागेपर्यंत थोडी थोडी जाड करत जायची. कधी ती चार-पाच मिलिमीटरही होते. मिटल्यावर ती भयंकर वाटते, पण मिटलेला डोळा पाहायचा कुणाला असतो? त्याऐवजी वरच्या कडेला पेन्सिलीने पसरट सावली देऊन विंग फक्त कोपऱ्याबाहेर काढली तरी छान दिसतं. घडी नसल्यामुळे विंगच्या वाटेत अडथळा नसतो, रेष हवी तशी सरळ जाते. हुडेड डोळ्याला हे भाग्य नाही. पुण्या-मुंबईच्या पार्लरमध्ये मणिपूर, नागालँड, मिझोरामहून आलेल्या अनेक मुली काम करतात, आणि हा हात त्यांच्याकडे जात्याच असतो. तरी आपल्या कोर्सच्या वहीत मोनोलिडला कशीबशी एक ओळ मिळते. जपान-कोरियात तर पापणीवर कृत्रिम घडी पाडणाऱ्या चिकट पट्ट्या नि गोंद वर्षानुवर्षं विकले जातात. २०२० मध्ये ‘फॉक्स आय’ची लाट आली, डोळ्याचा बाहेरचा कोपरा ताणून वर नेलेला, आणि आशियाई वंशाच्या अनेक अमेरिकन मुलींनी तिच्यावर आक्षेप घेतला. ज्या डोळ्यांवरून आम्हाला शाळेत चिडवलं तेच आता तुमची फॅशन होतात, असं त्यांचं म्हणणं होतं. ते खोडून काढणं कठीण आहे.

उरलेले प्रकार झटपट आटोपतात. खोल डोळ्यांवर भुवईच्या हाडाची सावली आधीच पडलेली असते, तिथे जाड काळी रेष उरलीसुरली पापणी गिळते. बारीक, जमल्यास तपकिरी. पुढे आलेल्या डोळ्याला जाड रेष पेलते. जवळजवळच्या डोळ्यांना आतला कोपरा मोकळा ठेवावा आणि विंग लांबवावी, लांबलांबच्या डोळ्यांना रेष आतल्या कोपऱ्यापासूनच सुरू करावी. दोन डोळ्यांमध्ये एका डोळ्याएवढं अंतर हे चित्रकारांचं जुनं माप. पण टेप घेऊन मोजत बसू नये.

आकारांची वर्गवारी पाश्चात्त्यांनी आणली अशी समजूत असेल तर विष्णुधर्मोत्तर पुराणातलं चित्रसूत्र पाहावं. तिथे चित्रकारासाठी डोळ्यांचे पाच आकार दिलेत: धनुष्यासारखा, माशाच्या पोटासारखा, निळ्या कमळाच्या पाकळीसारखा, पद्माच्या पाकळीसारखा आणि हत्यारांना धार लावायच्या शाणासारखा. उंचीची मापं यव या जुन्या एककात आहेत, धनुष्याकार डोळ्याला ३ यव, तर शाणाकृतीला १०. खरी मौज पुढे आहे. हे आकार माणसांना वाटून दिलेले नाहीत, अवस्थांना दिलेत. ध्यानात असलेल्याचा डोळा धनुष्यासारखा, प्रेमात पडलेल्याचा माशासारखा, शांत माणसाचा निळ्या कमळासारखा, भ्यालेल्याचा आणि रडणाऱ्याचा पद्मासारखा, रागावलेल्याचा शाणासारखा. एकाच चेहऱ्याचा डोळा दिवसभरात या पाचांतून फिरू शकतो.

मेकअपच्या खुर्चीत हे शब्दशः खरं आहे. नवरी हसली की गाल वर येतात, खालची पापणी उचलली जाते, कोपऱ्यापाशी सुरकुत्यांचा पंखा उघडतो आणि शांत चेहऱ्यावर सरळ काढलेली विंग त्या सुरकुत्यांत तुटते. फोटो तर सगळे हसरेच निघणार. म्हणून विंग झाल्यावर तिला हसवून पाहणारी आर्टिस्ट मला जास्त भरवशाची वाटते. कोपरा बोटाने ताणून रेष काढणाऱ्यांपासून दूर राहावं. पापणीची त्वचा शरीरात सर्वात पातळ, एक मिलिमीटरहून कितीतरी कमी. ताणलेल्या फुग्यावर काढलेलं चित्र हवा सोडल्यावर जसं आकसतं, तशी ही रेष बोट काढताच वेडीवाकडी होते.

विंगचा कोन किती असावा याबद्दलचे आपले समज मुख्यतः सिनेमाने घडवलेत. मागे गेलं तर वेगळं दिसतं. इजिप्तमधल्या अमार्ना इथे १९१२ मध्ये लुडविग बोर्खार्ट यांच्या पथकाला सापडलेला नेफरतितीचा अर्धपुतळा घ्या, किंवा तिथल्या कबरींतली भित्तिचित्रं. डोळ्याची काळी रेष कोपऱ्यातून निघून कानशिलाकडे जवळपास आडवी जाते. भरतनाट्यमच्या नर्तकीची रेषही तशीच लांब आणि आडवी, कारण ती शेवटच्या रांगेतल्या माणसाला दिसायची असते. कोकणातल्या दशावतारात नट आपली रंगभूषा आपणच करतात. त्यांच्या डोळ्याभुवईच्या रेषा जवळून पाहिल्या तर भडक वाटतात, आणि रात्री मंडपाच्या मागच्या टोकाला बसलं की नेमक्या वाटतात. डोळ्याच्या आकाराइतकंच अंतरही विंग ठरवतं, पण त्याला कुठल्याच तक्त्यात जागा नाही.

वर उडणारी आखूड विंग ही १९५०च्या दशकातली, ऑड्री हेपबर्न आणि सोफिया लॉरेन यांच्या काळातली. १९६३च्या ‘क्लिओपात्रा’त एलिझाबेथ टेलरने इजिप्तची लांब रेष पुन्हा आणली, जरी ती इजिप्तपेक्षा हॉलिवूडचीच जास्त होती. आपल्याकडे १९५२ मध्ये टाटांनी लॅक्मे सुरू केली, आणि साठच्या दशकात साधना, मुमताज, आशा पारेख यांच्या डोळ्यांवरची विंग शहरांतल्या कॉलेजांत पोचली. ‘ॲन इव्हनिंग इन पॅरिस’ (१९६७) मधल्या शर्मिला टागोर यांची विंग आजही नवऱ्या फोनवर काढून दाखवतात. त्या काळात हिंदी पडद्यावरच्या चेहऱ्यांमागे कितीतरी मराठी हात होते. २०२० मध्ये निवर्तलेले रंगभूषाकार पंढरी जुकर हे त्यांतलं सर्वात मोठं नाव. स्टुडिओतला तो लायनर मात्र दिव्यांच्या प्रकाशासाठी आणि दोन शॉटमध्ये टचअप होणाऱ्या चेहऱ्यासाठी होता. मे महिन्यात कार्यालयात सात तास टिकायचं त्याच्या नशिबी नव्हतं.

टिकण्याचा प्रश्न आपल्या हवेत आकाराच्या प्रश्नाहून मोठा होतो. काजळाची पेन्सिल मेण आणि तेल यांची बनलेली असते. त्वचेच्या उष्णतेने ती मऊ पडते, पापणीच्या तेलात विरघळते आणि घामाबरोबर खाली उतरून डोळ्यांखालच्या काळेपणात भर घालते. ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं पाहून लोक निर्धास्त होतात, पण हुडेड पापणीवर शत्रू पाणी नसतंच. तिथे तेल आणि घर्षण असतं, त्वचा त्वचेला घासते. अशा डोळ्याला वाळल्यावर पातळ पापुद्रा धरणारं लिक्विड लायनर बरं. त्याआधी पापणीवर पावडर टेकवावी, आणि लायनर पूर्ण वाळेपर्यंत डोळा पूर्ण उघडू देऊ नये, नाहीतर ओल्या रेषेचा ठसा घडीवर कायमचा. डबीतलं जेल नवशिक्यांना सोपं: ब्रशने काढता येतं, लगेच वाळत नाही, चूक पुसता येते. पेनचं टोक कडक असतं, सुरकुतलेल्या त्वचेवर ते अडखळतं आणि रेषेला दाते पडतात; पन्नाशीपुढे मऊ ब्रशच बरा. सेलोटेप चिकटवून त्याच्या कडेने विंग काढायची युक्ती तरुण त्वचेला चालते. वरमाईंच्या पापणीवर टेप लावून ओढू नये.

विंग बिघडली तर पुसून पहिल्यापासून सुरू करायची गरज नसते. इअरबडचं टोक मायसेलर वॉटरमध्ये बुडवून नीट निथळायचं आणि खालच्या बाजूने वर सरकत कड साफ करायची. मग बारीक ब्रशने कन्सीलरची एक रेघ. अनेक सराईत आर्टिस्ट मुद्दाम ढोबळ विंग काढतात आणि तिला कन्सीलरनेच आकार देतात. सुरुवात नेहमी अवघड डोळ्यापासून, म्हणजे ज्याची पापणी कमी दिसते त्याच्यापासून करावी. सोप्या डोळ्याला त्याच्यासारखं करता येतं, उलट जमत नाही. दोन्ही विंग तंतोतंत सारख्या करण्याच्या हट्टाने डावी-उजवी आलटून पालटून वाढवत नेलेल्या आणि शेवटी कानापर्यंत पोचलेल्या विंगा कुणी पाहिल्या नसतील असं नाही.

डोळ्याच्या आत, म्हणजे पापणीच्या ओल्या कडेवर लायनर लावायचं की नाही, यावर मेकअपवाले आणि डोळ्यांचे डॉक्टर यांचं जमत नाही. या कडेवर तेलग्रंथींची तोंडं असतात. त्यांचं तेल अश्रूंवर पातळ थर धरतं आणि डोळा कोरडा पडू देत नाही. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या अ‍ॅलिसन इंग यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, लायनर आतल्या कडेवर लावलं तर बाहेर लावल्यापेक्षा १५ ते ३० टक्के जास्त कण अश्रूंच्या थरात गेले, आणि तेही पाच मिनिटांत. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं. इतरांनी ठरवावं, आपल्या आज्या जन्मभर आतच काजळ घालत आल्या. एरंडेलाच्या दिव्यावर ताट धरून, काजळी तुपात खलून घरी केलेलं ते काजळ वेगळं आणि बाजारातला सुरमा वेगळा, एवढं मात्र पक्कं धरावं. सुरम्यात बऱ्याचदा गॅलेना, म्हणजे शिशाचं खनिज असतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने असं काजळ-सुरमा विकायला मनाई केली आहे, आणि लहान मुलांच्या रक्तात शिसं जाण्याचं ते एक ठाऊक असलेलं कारण आहे. २०१० मध्ये फ्रेंच संशोधकांनी दाखवलं की इजिप्शियन सौंदर्यप्रसाधनांतले शिशाचे क्षार अगदी अल्प मात्रेत पेशींमध्ये नायट्रिक ऑक्साइड वाढवतात, आणि त्यामुळे कदाचित डोळ्याचं जंतूंपासून रक्षण होत असेल. ही बातमी ‘सुरमा औषधी असल्याचं सिद्ध’ अशा थाटात फिरली. प्रयोगशाळेतली ती मात्रा आणि रोज बोटाने भरलेला सुरमा यांचा काहीही संबंध नाही.

२०२३च्या पावसाळ्यात आळंदी-पुण्याकडे डोळे येण्याची मोठी साथ आली, तेव्हा नेत्रतज्ज्ञ एकमेकांचे टॉवेल वापरू नका म्हणून सांगत होते. लायनरचा ब्रश हा त्याहून थेट रस्ता. बाटलीत बुडवलेला ब्रश एका डोळ्यावरून दुसऱ्यावर आणि परत बाटलीत, हे घरातल्या पाचजणींनी एकाच बाटलीवर केलेलं कुणालाच खटकत नाही. पार्लरमध्ये आर्टिस्टने लायनर पॅलेटवर काढून वेगळ्या ब्रशने लावलं पाहिजे. लावत नसेल तर तसं म्हणायला लाजू नये. बाटलीवर उघड्या डबीच्या चित्रात ‘६ एम’ छापलेलं असतं, त्याचा अर्थ उघडल्यापासून सहा महिने. मागच्या दिवाळीतलं लायनर या दिवाळीला वापरायचं नाही, मग ते महाग असो की स्वस्त.

चष्म्याबद्दल बहुतेक लोक गप्प असतात, आणि मराठी घरात चष्मा नसलेला माणूस शोधावा लागतो. मायनस नंबरच्या काचेआड डोळा लहान दिसतो. म्हणून लांब पल्ल्याचा चष्मा असणाऱ्या मुलीला रेष जरा ठसठशीत आणि विंग फ्रेमच्या कडेआत संपणारी हवी, नाहीतर विंग आणि फ्रेमची दांडी मिळून एक काळा गोंधळ होतो. प्लस नंबरच्या काचा डोळा मोठा करून दाखवतात, आणि त्याबरोबर रेषेचे दातेही. चाळिशीनंतर आणखी एक अडचण येते: चष्मा काढल्याशिवाय लायनर लावता येत नाही आणि काढल्यावर काही दिसत नाही. मोठं दाखवणारा आरसा हा रूढ उपाय, पण तो इतका जवळ धरावा लागतो की एकच डोळा दिसतो, चेहरा नाही, आणि दोन विंगांचा मेळ बसत नाही. त्यासाठी मेकअपचा चष्मा म्हणून वेगळा प्रकार मिळतो. त्याची एकेक काच बिजागरीवर खाली पाडता येते. उजवी काच पाडली की डाव्या डोळ्याने पाहत उजव्यावर रेष काढायची, मग काच उचलून दुसरी पाडायची. दोन्ही डोळे उघडे, मान सरळ, नजर समोर: बॅट विंगला लागतं ते सगळं तो चष्मा आपोआप करून घेतो. किंमत एखाद्या बऱ्या लायनरएवढी, आणि ऑनलाइन मिळतो. चष्म्याच्या दुकानात विचारलं तर मात्र बहुतेक वेळा दुकानदारच ‘‘असं काही असतं?’’ म्हणून विचारतो.